आर्मेनियाच्या डोंगरांत आईंबरोबर

शनिवार : येरेव्हान

शारजात विमान बदलून सकाळी येरेव्हानला उतरलो. आम्ही तिघं : मी, नवरा आणि सासूबाई. आईंना आम्ही आधी युरोपबद्दल विचारलं होतं. त्यांचं उत्तर होतं, "दुकानं बघायला एवढ्या लांब कशाला? जुनी देवळं असतील तिथं न्या." मी आर्किटेक्ट. कॉलेजात वास्तुकलेच्या इतिहासाच्या पुस्तकात आर्मेनियाला जेमतेम अर्धं पान होतं आणि ते अर्धं पान माझ्या डोक्यातून कधी गेलं नव्हतं. सप्टेंबरअखेर हवा चांगली असते, द्राक्षं-डाळिंबं आलेली असतात, खिंडींत अजून बर्फ नसतो. ठरलं.

शहर गुलाबी आहे. टफ नावाच्या ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या दगडाचा हा रंग. कोपऱ्याकोपऱ्यावर पुलपुलाक, म्हणजे पिण्याच्या पाण्याची सतत वाहणारी छोटी कारंजी. वाकून तोंड लावायचं की झालं. आठवडाभर आम्ही पाण्याची बाटली फारशी विकत घेतली नाही. दुपारी मातेनादारान, म्हणजे हस्तलिखितांचं संग्रहालय पाहिलं. तिथं मूश गावच्या मठातला एक ग्रंथ आहे, १२०० ते १२०२ या काळात लिहिलेला, सुमारे २८ किलो वजनाचा, वासरांच्या कातड्यावर. १९१५च्या आर्मेनियन लोकांच्या नरसंहारात दोन बायकांनी त्याचे दोन भाग केले आणि एकेक भाग घेऊन त्या निघाल्या. पुढं दोन्ही अर्धे एकत्र आले. आई त्या काचेपुढून बराच वेळ हलल्या नाहीत.

संध्याकाळी जेवायचा प्रश्न. आई माळकरी. पण तो पहिल्याच रात्री सुटला : स्पास नावाचं दह्याचं आणि गव्हाचं गरम सूप आलं, वरून कोथिंबीर. "ही तर कढीच," आई म्हणाल्या आणि पुढचे सगळे दिवस मेन्यूकार्ड न बघता तेच मागवत राहिल्या. सोबत लवाश, म्हणजे तोनीर या जमिनीतल्या भट्टीत भाजलेली लांबच लांब पातळ पोळी.

रविवार : गार्नी आणि गेघार्द

हा दिवस सगळ्या प्रवासाचा गाभा होता, म्हणून जरा सविस्तर.

येरेव्हानहून तासाभराच्या आत गार्नी. आझात नदीच्या दरीच्या काठावर, करड्या बेसॉल्टचं, चोवीस खांबांचं देऊळ. आर्मेनिया ख्रिस्ती होण्याआधीचं, ग्रीक-रोमन धाटणीचं, खांबांसकट उभं असलेलं इथलं हे एकमेव. १९४५मध्ये इथं ग्रीक भाषेतला एक शिलालेख सापडला. त्यावरून पहिला तिरिदातेस या राजानं आपल्या कारकिर्दीच्या अकराव्या वर्षी, म्हणजे इ.स. ७७च्या सुमारास, हे बांधलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. सूर्यदेव मिहर याचं हे देऊळ असावं असाही कयास आहे. देश ख्रिस्ती झाल्यावर बाकीची मूर्तिपूजकांची देवळं पाडली गेली. हे वाचलं, बहुधा राजघराण्याच्या उन्हाळी मुक्कामाचा भाग म्हणून.

माणसांच्या हातून वाचलं, पण १६७९च्या भूकंपात कोसळलं. जवळपास तीनशे वर्षं दगड तिथंच विखरून पडले होते. १९६९ ते १९७५ या काळात अलेक्सांदर साहिनियान या वास्तुतज्ज्ञाच्या देखरेखीखाली ते पुन्हा रचले गेले. जुने दगड जिथल्या तिथं बसवले. जिथं दगड सापडलाच नाही तिथं नवा बसवला, मात्र त्यावर नक्षी कोरली नाही. त्यामुळं एखाद्या नक्षीदार पट्टीत मधेच सपाट, कोरा तुकडा दिसतो. पर्यटकांना तो बहुतेक खटकत असावा. मला तो फार प्रामाणिक वाटला. आपल्याकडे जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुन्या शिखरांना ऑइलपेंट फासलेला पाहिला असेल, तर हा कोरा दगड बघून नमस्कार करावासा वाटेल.

आईंनी विचारलं, "चुना कुठं दिसत नाही. मग हे चिकटलंय कशानं?" चुना नाहीच. दगडाला दगड लोखंडी आणि कांशाच्या आकड्यांनी जोडून वर शिसं ओतत. आईंनी मान हलवली, पण त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही.

आईंचा हा प्रश्न पुढं रोज येणार होता, म्हणून त्यामागची गोष्ट सांगायला हवी. त्यांचं माहेर औसा तालुक्यातलं, किल्लारीपासून फार लांब नाही. ३० सप्टेंबर १९९३ला पहाटे चारच्या आसपास भूकंप झाला तेव्हा त्या माहेरी होत्या. आदल्या रात्री गणपतीचं विसर्जन होतं. घरातली माणसं उशिरा परतली आणि उकडतंय म्हणून अंगणातच आडवी झाली, म्हणून वाचली. घराचं माळवद खाली बसलं. त्या भूकंपात दहा हजारांच्या घरात माणसं गेली. तेव्हापासून आईंना दगडी भिंत दिसली की त्या आधी तिला हात लावून पाहतात, मग आत जातात. देवळाच्याही.

देवळाशेजारी रोमन धाटणीचं स्नानगृह आहे. तिथल्या फरशीवर रंगीत दगडांचं चित्र : समुद्र, मासे, देवता. त्यावर ग्रीक अक्षरांत लिहिलंय त्याचा अर्थ साधारण असा लावतात की काम केलं, पण मिळालं काहीच नाही. पावणेदोन हजार वर्षांपूर्वीच्या थकलेल्या बिलाची ही तक्रार असेल, तर माझ्या धंद्यातल्या सगळ्यांनी ती फ्रेम करून लावावी.

खाली दरीत उतरलं की बेसॉल्टचे षटकोनी खांब कड्याला टांगल्यासारखे दिसतात. लाव्हा सावकाश थंड होताना आक्रसतो आणि अशा कोनांत तडकतो. मुंबईकरांना हे बघायला इतक्या लांब यायची खरं तर गरज नाही, अंधेरीची गिल्बर्ट हिल याच जातीची आहे. फक्त तिला आता इमारतींनी वेढलंय.

गार्नीहून थोडं वर, दरी अरुंद होत जाते तिथं गेघार्द. रविवार असल्यामुळं गर्दी. वाटेच्या दोन्ही बाजूंना बायका गाता नावाची मोठी गोड भाकरी, वाळवलेली फळं आणि सुजुख विकत होत्या. सुजुख म्हणजे दोऱ्यात ओवलेले अक्रोड द्राक्षाच्या घट्ट रसात बुडवून वाळवलेले. एका कुटुंबानं लाल दोरा बांधलेला कोकरू आणला होता. त्याला मीठ चाटवायचं, आशीर्वाद घ्यायचा, मग कापून शिजवायचं आणि मांस लोकांत वाटायचं. याला मताघ म्हणतात. मला वाटलं आईंना त्रास होईल. त्या म्हणाल्या, "आपल्याकडं कंदुरीला काय करतात मग?" आणि शांतपणे दुसऱ्या बाजूनं पुढं गेल्या.

या जागेचं जुनं नाव आयरिवांक, गुहेतला मठ. चौथ्या शतकात संत ग्रिगोर याने तो स्थापला अशी परंपरा आहे. आज जे दिसतं ते मुख्यतः तेराव्या शतकातलं. बाहेरचं मोठं चर्च १२१५चं, झाकारियान घराण्याच्या काळातलं. त्याला लागून गावित, म्हणजे मंडप. छताच्या मध्यभागी एक झरोका, त्याच्याभोवती मधमाश्यांच्या पोळ्यासारखी कोरीव रचना उतरत आलेली. इथवर सगळं बांधलेलं आहे. गावितच्या उत्तरेकडच्या दारांतून आत पाऊल टाकलं की बांधकाम संपतं आणि डोंगर सुरू होतो.

पहिली खोली १२४०च्या दशकातली. ती कोरणाऱ्याचं नाव गाल्झाक, ते त्यानं तिथंच कोरून ठेवलंय. खोलीच्या आत झरा आहे. पाणी फरशीतल्या पन्हाळीतून वाहतं, लोक बाटल्या भरतात, तोंडावर मारतात. दुसरी खोली प्रोश राजकुळाची समाधी. भिंतीवर बैलाचं डोकं, त्यानं तोंडात धरलेली साखळी, साखळीच्या दोन टोकांना दोन सिंह, त्यांच्यामध्ये खाली पंख पसरलेला गरुड आणि त्याच्या पंजात कोकरू. ख्रिस्ती वाटावं असं या शिल्पात काहीच नाही. हे त्या घराण्याचं बिरुद होतं असं मानतात. तिथून पुढं १२८३चं आणखी एक चर्च. खांब, कमानी, घुमट, सगळं बांधलेल्या इमारतीसारखं आणि सगळं एका अखंड दगडातून कोरून काढलेलं. उजेड येतो तो फक्त घुमटाच्या मध्यावरच्या भोकातून. ते भोक डोंगराच्या अंगावर उघडतं.

वेरूळची आठवण येणारच. कैलास लेणं वरून खाली कोरत आणलं. तिथं आजूबाजूचा डोंगरच काढून टाकला आणि देऊळ उघड्यावर आणलं. इथं डोंगर जिथल्या तिथं ठेवून पोकळी कोरली, म्हणजे अजिंठ्याला जवळची गोष्ट. पण अजिंठ्यात दर्शनी बाजू उघडी असते, चैत्यगवाक्षातून समोरून उजेड येतो. गेघार्दला दर्शनी बाजू नाहीच. बाहेरून कुणाला कळणारही नाही की या कड्याच्या पोटात घुमट आहेत. इथल्या कारागिरांनी बांधकामाची भाषा दगडात जशीच्या तशी उतरवली, आपल्याकडच्या कारागिरांनी लाकडी वाशांच्या बाबतीत तेच केलं. भाजे-कार्ल्याच्या छतातल्या फासळ्या आठवून बघा.

वरच्या मजल्यावर जायला बाहेरून पायऱ्या आणि मग कड्यातून कोरलेली अंधारी वाट, दोन्ही बाजूंना क्रूसच क्रूस. तिथं १२८८ची समाधी-खोली. आम्ही गेलो तेव्हा चौघांचा एक गट गात होता. कुठलंही वाद्य नाही. आवाज भिंतींना लागून इतका वेळ मागं राहत होता की पुढची ओळ मागच्या ओळीवर चढायची. आई म्हणाल्या, "इथं काकडा काय लागेल!" नवऱ्यानं म्हणायचा आग्रह केला, त्यांनी मानलं नाही. "त्यांचं चाललंय ना." कोपऱ्यात जमिनीला एक भोक आहे, त्यातून खालची प्रोशची समाधी दिसते.

बाहेर आल्यावर कठड्यावर बसून गाता खाताना आईंनी निकाल दिला, "हे बरंय. पडायला वर काही ठेवलंच नाही."

सोमवार : खोर विराप, अरेनी, नोरावांक

सकाळी अरारात दिसला. दोन शिखरं, मोठं ५१३७ मीटर, बर्फानं पांढरं. आर्मेनियाच्या राजचिन्हावर आहे, ब्रँडीच्या बाटलीवर आहे, आणि तुर्कस्तानात आहे. खोर विरापच्या टेकडीवरून सरहद्द दिसते, ती १९९३पासून बंद आहे. मुंबईत फोर्टमध्ये नगीनदास मास्टर रोडवर आर्मेनियन लोकांचं सेंट पीटर चर्च आहे, १७९६चं. त्याच्या शेजारच्या इमारतीचं नाव 'अरारात'. तिथून मी कितीतरी वेळा गेलेय. त्या नावाचा डोंगर इथल्या माणसाला रोज दिसतो आणि पायथ्याशी मात्र जाता येत नाही, हे टेकडीवर उभं राहिल्यावर टोचलं.

खोर विराप म्हणजे खोल खड्डा. राजा तिसरा तिरिदातेस याने ग्रिगोरला इथं तेरा वर्षं डांबलं, मग राजा आजारी पडला, ग्रिगोरनं त्याला बरं केलं आणि ३०१मध्ये सबंध देश ख्रिस्ती झाला, अशी कथा. लोखंडी शिडीनं खड्ड्यात उतरता येतं. मी उतरले. दोन मिनिटांत गुदमरायला झालं. नवरा मधूनच परतला.

अरेनीत रस्त्याकडेला कोल्ड्रिंकच्या बाटल्यांतून घरची वाइन विकतात. गावाबाहेरच्या गुहेत सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीची वाइन करायची जागा सापडली : द्राक्षं तुडवायचं उथळ कुंड, रस साठवायचा रांजण. त्याच गुहेत साडेपाच हजार वर्षांपूर्वीचा चामड्याचा एक जोडा मिळाला, तो येरेव्हानच्या इतिहास संग्रहालयात आहे. नाडीसकट.

नोरावांकला पोहोचेपर्यंत उन्हं कलली होती. लालभडक कड्यांच्या चिंचोळ्या घळीतून रस्ता जातो आणि शेवटी वर पठारावर त्याच रंगाची चर्च. ओरबेलियान राजांनी १३३९मध्ये पूर्ण केलेलं दुमजली चर्च हे मुख्य आकर्षण. खाली समाधी, वर प्रार्थनागृह. वर जायच्या पायऱ्या इमारतीच्या दर्शनी भिंतीतून बाहेर काढलेल्या आहेत. प्रत्येक पायरी म्हणजे भिंतीत रोवलेला एकेक दगड, पुढं अधांतरी, वर जाताना आणखी अरुंद होत गेलेला. कठडा नाही. वर जाणारे धीटपणे जातात आणि उतरताना बसून उतरतात. हे मोमिक नावाच्या कारागिराचं शेवटचं काम मानलं जातं. मोमिक शिल्पकारही होता, पोथ्यांतली चित्रंही काढायचा. शेजारच्या गावितच्या दारावर त्यानं दाढीवाला, मोठ्या बदामी डोळ्यांचा देवपिता कोरलाय. देवपित्याचं असं थेट रूप ख्रिस्ती शिल्पांत क्वचितच दिसतं.

चर्चचा वरचा घुमट १८४०च्या भूकंपात पडला होता, आत्ता दिसतो तो विसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला. आईंना हे सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. त्या आत गेल्याच नाहीत.

रात्री गोरिसच्या वाटेवर गाडीत मी त्यांना समजावत होते. किल्लारीकडच्या भिंती दोन पदरी असत. बाहेरचे दगड वेगळे, आतले वेगळे, मध्ये चिखल आणि चिपा. दोन्ही पदर बांधून धरणारा आरपार दगड घातलेला नसे. वर माळवदाचं मातीचं प्रचंड ओझं. हादरा बसला की पदर सुटे होत, फुगत आणि वरचं ओझं थेट खाली येई. इथली जुनी भिंतही दोन पदरीच आहे, बाहेरून आणि आतून तासलेल्या टफच्या फरश्या. फरक मधल्या भरावात आहे. तिथं चुन्यात कालवलेले दगडगोटे ठासून भरतात. तो भराव घट्ट होऊन फरश्यांना धरून ठेवतो आणि भिंत एकसंध होते. टफ वजनालाही हलका.

"मग घुमट कसा पडला?"

याला माझ्याकडं चांगलं उत्तर नव्हतं. चालकदादा आरशातून हसत होते, आमचं मराठी त्यांना काय कळलं कोण जाणे.

मंगळवार : तातेव

हालिद्झोरहून तातेवला रोपवे जातो, ५.७ किलोमीटर, वोरोतान नदीच्या दरीवरून. २०१०मध्ये सुरू झाला तेव्हा एका दमात जाणारा आपल्या प्रकारातला जगातला सर्वांत लांब रोपवे म्हणून त्याची नोंद झाली. बारा मिनिटं लागतात. खाली नदीकाठी जुन्या मठाचे पडके अवशेष दिसतात.

तातेव नवव्या शतकातलं. मुख्य चर्च ८९५ ते ९०६ या काळात बांधलं. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इथं विद्यापीठ चालत होतं : तत्त्वज्ञान, व्याकरण, संगीत, पोथ्या रंगवणं. तिथले मोठे आचार्य ग्रिगोर तातेवात्सी यांची समाधी चर्चला लागूनच आहे. १९३१च्या भूकंपात चर्चचा घुमट आणि घंटाघर कोसळलं. घुमट नंतर पुन्हा बांधला.

आणि इथंच, अंगणात, आईंच्या प्रश्नाचं उत्तर उभं होतं. गावाझान नावाचा अष्टकोनी खांब, सुमारे आठ मीटर उंच, दहाव्या शतकाच्या सुरुवातीचा, माथ्यावर दगडी क्रूस. हा खांब पायथ्याशी घट्ट रोवलेला नाही, बिजागरीवर तोलल्यासारखा बसवलाय. जमीन हलली की तो डोलतो आणि परत सरळ होतो. मठवासीयांना त्यावरून भूकंपाची चाहूल लागायची असं सांगतात. शत्रूच्या फौजेची चाल आल्यावरही डोलायचा म्हणे, त्यावर माझा फारसा विश्वास नाही. पण १९३१मध्ये शेजारचा घुमट गेला आणि हा राहिला, हे तर समोर दिसत होतं.

आईंनी खांबाभोवती एक फेरी मारली. नेहमीप्रमाणे हात लावून पाहायला गेल्या नाहीत. "नको, डोलायचा," म्हणाल्या.

जेवायला झिंग्यालोव हात्स मिळालं. दहा-पंधरा प्रकारचा पाला बारीक चिरून पोळीत भरायचा आणि तव्यावर भाजायचा. आईंनी पाककृती विचारायचा बराच प्रयत्न केला. दोन बायका, दोन भाषा, चिरायच्या हातवाऱ्यांनी काम भागलं.

दुपारी गोरिसजवळचं ख्न्द्झोरेस्क. मऊ दगडाच्या सुळक्यांमध्ये कोरलेलं अख्खं गाव. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लोक त्या गुहांत राहत होते. दरीवर झुलता पूल आहे. नवरा पलीकडं जाऊन आला, आम्ही दोघी अलीकडं चहा पीत बसलो.

बुधवार : सेलिम खिंड, नोरातुस, सेवान

मागं फिरून उत्तरेला वळलो. २४१० मीटरवरच्या खिंडीच्या जरा खाली ओरबेलियानांची सराई आहे, १३३२ची. काळ्या बेसॉल्टची एकच लांब खोली, आत जनावरांसाठी दगडी गव्हाणी. दारावर बैल आणि पंखवाला प्राणी. एक लेख आर्मेनियनमध्ये आणि एक फारसीत, कारण वाटसरू दोन्ही बाजूंचे. आत मिट्ट काळोख. छताच्या झरोक्यातून उजेडाच्या दोनतीन पट्ट्या पडलेल्या आणि वाऱ्याचा आवाज पूर्ण बंद. बर्फाच्या वादळात इथं शिरलेल्या व्यापाऱ्याला काय वाटलं असेल!

नोरातुसचं कब्रस्तान मला या सबंध प्रवासात सर्वांत जास्त आवडलं, आणि त्याबद्दल वाचून गेलो नव्हतो. शेकडो खाचकार उभे. खाचकार म्हणजे उभ्या शिळेवर कोरलेला क्रूस, त्याच्याभोवती जाळीसारखी नक्षी, प्रत्येक वेगळी. काहींच्या पुढं आडव्या शिळा आहेत. त्यांवर माणसाच्या आयुष्यातले प्रसंग : नांगर, बैल, लग्नाची पंगत, तोनीरजवळ बसलेली बाई, घोड्यावरचा नवरा. आपल्या वीरगळींवर खालून वर गोष्ट वाचत जातात तशी इथं आडवी वाचायची. फक्त वीरगळ लढून मेलेल्याची असते. इथं नांगरणाऱ्यालाही दगड मिळालाय.

याहून मोठं खाचकारांचं कब्रस्तान जुघाला, म्हणजेच जुल्फाला होतं, आता अझरबैजानच्या ताब्यातल्या नाखिचेव्हानमध्ये. १९९८ ते २००५ या काळात ते फोडून नष्ट केलं गेलं. याच जुघाच्या लोकांना १६०४-०५मध्ये इराणच्या शाह अब्बासनं उठवून इस्फहानला नेऊन वसवलं. त्या नव्या जुल्फातले व्यापारी पुढं सुरतेला, मुंबईला, मद्रासला आणि कोलकात्याला आले. फोर्टातलं ते चर्च, मद्रासला १७९४मध्ये निघालेलं 'अझ्दारार' हे जगातलं पहिलं आर्मेनियन नियतकालिक, सगळ्याची मुळं तिथं जातात. त्यांच्या पूर्वजांचे दगड आता उरलेले नाहीत. कब्रस्तानात लोकरी मोजे विकणाऱ्या आजी आमच्या मागं लागल्या, आईंनी तीन जोड घेतले.

सेवान सरोवर १९०० मीटरवर. काठावरची दोन चर्च ८७४ची, एका राजकन्येनं बांधलेली. ती पूर्वी बेटावर होती. सोव्हिएत काळात वीज आणि शेतीसाठी पाणी उपसल्यामुळं पातळी सुमारे वीस मीटर खाली गेली आणि बेटाचं भूशिर झालं. वारा असह्य होता.

गुरुवार : दिलिजान

जंगल आणि पाऊस. हाघार्त्सिनचा मठ २०११मध्ये शारजाच्या शासकांच्या देणगीतून दुरुस्त झाला. जरा जास्तच नवा दिसतो. गोशावांक त्याहून आवडलं. विधिसंहिता लिहिणारा मखितार गोश याने ते उभारलं, कारण त्याचा आधीचा मठ ११८८च्या भूकंपात गेला होता. तिथला १२९१चा पोघोस या कारागिराचा खाचकार बघाच. दगड इतका बारीक कोरलाय की थरांच्या मागं थर दिसतात. बाकी दिवसभर खोलीवर पत्ते.

शुक्रवार : हाघपात, सानाहिन, स्पिताक

देबेद नदीची दरी खोल, खाली अलावेर्दीचा तांब्याचा जुना कारखाना, वर दोन्ही बाजूंच्या पठारांवर मठ. दोन्ही दहाव्या शतकातले, राणी खोसरोवानुशनं सुरू केलेले, दोन्ही जागतिक वारसा. सानाहिनला दोन चर्चच्या मधल्या बोळात विद्यार्थी भिंतीतल्या कोनाड्यांत बसत. हाघपातच्या ग्रंथालयात जमिनीत पुरलेले रांजण आहेत. गावितची फरशी थडग्यांच्या शिळांची, चालायचं त्यांच्यावरूनच. आईंना हे जमेना. त्या भिंतीकडेनं, शिळा चुकवत चालत होत्या. चर्चच्या पूर्वेच्या भिंतीवर राणीचे दोन मुलगे चर्चची छोटी प्रतिकृती हातात धरून उभे आहेत.

हाघपातच्या मुख्य चर्चचं काम त्रदात या वास्तुकाराचं मानतात. ९८९च्या भूकंपात कॉन्स्टँटिनोपलच्या हागिया सोफियाचा घुमट अर्धवट पडला तेव्हा तो दुरुस्त करायला याच त्रदातला बोलावलं होतं. हे ऐकल्यावर आई पहिल्यांदाच न विचारता, भिंतीला हात न लावता घुमटाखाली गेल्या.

परतीचा रस्ता वानाद्झोरहून स्पिताकमार्गे. ७ डिसेंबर १९८८चा भूकंप इथला, पंचवीस हजारांच्या आसपास माणसं गेली. लेनिनाकान, म्हणजे आताच्या ग्युमरीत, सर्वांत जास्त पडल्या त्या नऊ मजली काँक्रीटच्या इमारती. सुटे खांब-तुळया कारखान्यात ओतून जागेवर जोडलेल्या, आणि सांधे कच्चे. तशाच कारखान्यात ओतलेल्या, पण अख्ख्या भिंतींच्या इमारती बऱ्याचशा टिकल्या. माळवद असो की काँक्रीट, गोष्ट सांध्यांची असते. हे मी आईंना सांगितलं तेव्हा त्या खिडकीबाहेर नव्यानं बांधलेल्या ठेंगण्या घरांकडं बघत होत्या. "किल्लारीलाही अशीच बांधून दिली," म्हणाल्या. "लांब लांब. शेजारणीला हाक मारली तर ऐकू जात नाही."

शनिवार : झ्वार्तनोत्स

विमान दुपारी. विमानतळाच्या वाटेवर झ्वार्तनोत्सचे अवशेष आहेत, विमानतळाचं नावही तेच. सातव्या शतकाच्या मध्यात कॅथोलिकोस (आर्मेनियन चर्चचे प्रमुख) तिसरे नेर्सेस यांनी इथं गोल, तीन टप्प्यांचं, अफाट उंच चर्च बांधलं. दहाव्या शतकात ते पडलेलं होतं. राजा पहिला गागिक याला ते इतकं आवडत होतं की त्यानं आपल्या राजधानीत, आनीला, त्याची प्रतिकृती करवून घेतली. वास्तुकार तोच, हागिया सोफियाचा घुमट सावरणारा त्रदात. तीही लवकरच ढासळली.

आता गोलाकार रचलेले थोडे खांब, आणि पंख पसरलेले गरुड कोरलेली स्तंभशीर्षं जमिनीवर. आईंना आवडली. त्यांनी एका गरुडाच्या शेजारी बसून फोटो काढून घेतला आणि मला म्हणाल्या, "तुझा तो त्रदात एवढा हुशार, मग पडलेल्याची नक्कल करायला तयार कसा झाला?"

"राजानं सांगितलं असेल."

"हां," आई म्हणाल्या, "क्लायंट." आणि सामानाकडं वळल्या, कारण चालकदादा घड्याळ दाखवत होते.